उघड्या गाडीतला खर्ज

दिनांक ११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार, दुपारची वेळ.

नाव श्रीनाथ वासुदेव हुक्केरीकर, वय ५३ वर्षे, धंदा एका मराठी दैनिकाची वार्ताहरकी (बेळगाव व निपाणी भाग), राहणार टिळकवाडी, बेळगाव. शिक्षणाचा रकाना नमुन्यात नाही, तरी पाठशाळेत संस्कृत शिकलो आहे हे मी आपणहून सांगतो, कारण पुढील तक्रारीत त्याचा उपयोग आहे.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, माझ्या मालकीची एक पितळी पळी व त्याच धातूचे पंचपात्र आहे. पळी पंचपात्रात उभी असते. गेल्या काही दिवसांपासून मी सकाळी संध्येस बसलो असता, कोणीही हात न लावता, ही पळी पंचपात्राच्या काठावर वाजू लागते. केशवाय नमः म्हणावे तर ती झर्र म्हणते. नारायणाय नमः म्हणावे तर पुन्हा झर्र. चोवीस नावांपैकी एकही नाव ती मला सुखाने घेऊ देत नाही. धर्माचरणात धातूने व्यत्यय आणल्याचे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

जबाब घेणाऱ्या हवालदार सौम्या मॅडम यांनी पळी म्हणजे काय, चमचा का, असे विचारले. चमचा नव्हे, आचमनाचे साधन आहे, असे मी सांगितले. त्यांनी "लहान चमचा" असे लिहिले. मी हरकत घेतली. "सर, कन्नड राज्योत्सवाचा बंदोबस्त आत्ता कुठं उतरलाय," त्या म्हणाल्या. "पळी तर पळी. पुढं सांगा." मी लिहिण्याच्या धंद्यातला असल्याने जबाब माझ्या तोंडून येईल तसा मराठीत घ्यावा, अशी विनंती केली. ती मान्य झाली. कानडी तर्जुमा ठाण्यात होईल.

पळी वाजण्याचे कारण असे की, आमच्या शेजारी श्री. भरमू मारुतीराव पावशे, वय अंदाजे ५०, हे राहतात. मूळचे कंग्राळीचे. सिमेंटच्या विटांचा कारखाना आहे. पत्नी हयात नाही. आई बाळाबाई सोबत असतात. श्री. भरमू उंचीने माझ्याहून अधिक असून डोक्यावर केस भरपूर आहेत. केसांचा तक्रारीशी संबंध काय, असे मॅडमनी विचारले. संबंध नाही. वर्णन अपुरे राहू नये म्हणून सांगितले.

श्री. भरमू यांनी दिवाळीच्या आधी गोव्याहून एक जुनी गाडी आणली. पोपटी रंगाची, दोन दारांची, लहान. तिला कापडी टप असून तो मागे दुमडता येतो. पुढे दोन माणसे बसतात. मागे एक माणूस किंवा दोन पिशव्या. टप लावलेला असताना गाडीतले गाणे भरदार लागते, पण दुमडला की वरचे सूर तेवढे राहतात आणि खालचे निघून जातात, ही त्यांची व्यथा होती. ती त्यांनी कंपाउंडच्या भिंतीवरून मला ऐकवली.

"सर, तुमी शिकल्यालं मानूस. ह्यो बेस जातोय कुटं म्हनायचा? टप उगडला की गेलाच बगा वाऱ्यावर."

मी म्हणालो की बेस हा शब्द आपला नव्हे, आपल्याकडे त्याला खर्ज म्हणतात, आणि खर्ज हा मूळ षड्ज या शब्दापासून झालेला आहे.

"व्हय, व्हय. पन जातोय कुटं?"

त्या वेळी माझी पत्नी कल्याणी, वय ४७, दोरीवरचे कपडे काढत होती. तिने उत्तर दिले. "डब्याचं झाकण काढल्यावर वास आत राहतो का, भरमूअण्णा? खालच्या सुराला भिंती लागतात. आणि दार जरा ठोकून बघा. पत्रा थरथरत असेल तर निम्मा सूर तोच खातो." श्री. भरमू यांनी लगेच जाऊन दार ठोकले. पत्रा थरथरत होता.

मॅडमनी विचारल्यावरून सांगतो की, कल्याणी धारवाडची. लग्नाआधी गाणे शिकलेली आहे. घरात तंबोरा आहे. तो कपाटावर गवसणीत आहे. मी घरी बसून बातम्या लिहितो, त्यामुळे बातमी लिहिण्याच्या वेळी घरात शांतता असते. बातमी लिहिण्याची वेळ ठरलेली नसते. तंबोरा खाली केव्हा काढला होता ते आठवत नाही. मुलगी अदिती जूनमध्ये शिकायला पुण्याला गेली, तेव्हापासून घरात आम्ही दोघेच असतो.

त्यानंतर श्री. भरमू यांनी गाडीच्या दारांचे पत्रे उघडून आतून डांबरी पट्ट्या चिकटवल्या. दारांची थरथर थांबली. मग मागच्या सीटच्या पाठीला चिकटून एक लाकडी डबा बसवला व त्यात मोठा स्पीकर घातला. त्याला ते उफर म्हणतात. शब्द कोणत्या भाषेचा हे मी विचारले नाही. बाळाबाई संध्याकाळी त्या डब्याला पाठ टेकून गाडीत बसू लागल्या. गाडी फाटकातच उभी असे. "पाठीला लई बरं वाटतंय," असे त्या म्हणाल्याचे मी ऐकले. "जरा मोठ्यानं लाव रं."

प्रत्येक बदलानंतर श्री. भरमू भिंतीपाशी येत व हाक मारत, "वैनी, जरा ऐकून सांगतासा काय?" कल्याणी हातातले काम ठेवून जात असे. गॅस बारीक करून जात असे हे खरे आहे, आमटी करपली असे एकदाही झाले नाही. ती पुढच्या सीटवर बसे, डोळे मिटे, आणि एक बोट वर करून "आणखी कमी", "आता मागचा वाढवा" असे सांगत असे. श्री. भरमू तसे करत. ती सांगते आणि ऐकणारा ऐकतो, असा तो प्रकार होता.

तुलनेसाठी सांगतो की, मी माझ्या बातमीचा मथळा कल्याणीला वाचून दाखवतो तेव्हा ती "हं" म्हणते. व्याकरणाच्या दृष्टीने हे अव्यय आहे. त्याचा अर्थ प्रसंगावरून लावावा लागतो. मी तो आजवर होकारार्थी लावत आलो आहे.

हे सर्व तुम्ही कोठून पाहिले, असे मॅडमनी विचारले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून. मी तेथे पाणी पिण्यासाठी गेलो होतो. रोज का, असे विचारले. रोज तहान लागते.

दिवाळी झाल्यावर श्री. भरमू फार खट्टू होते. डबा बसवला, पट्ट्या चिकटवल्या, तरी टप उघडला की पोकळ वाटते, असे म्हणत होते. कल्याणीने त्यांना दोन दारांतल्या स्पीकरांपैकी एका बाजूचा पूर्ण बंद करायला सांगितले. बंद केल्यावर खर्ज वाढला. हे मलाही खिडकीतून समजले. दोन स्पीकर वाजत होते तेव्हा कमी, एकटा वाजला तेव्हा जास्त.

"ह्ये कसं काय वैनी? दोगं असून कमी?"

"दोघं उलटे आहेत हो," कल्याणी म्हणाली. "हा पुढं येतो तेव्हा तो मागं जातो. शेजारी बसून एकमेकांचा सूर पुसून टाकतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, दोघं वाजतायत. एकाच्या तारा फिरवा."

श्री. भरमू यांनी एकाच्या तारा काढून उलट जोडल्या. टप उघडा होता. गाणे लावले. त्या क्षणी आमच्या देवघरातील पळी प्रथम वाजली. म्हणून तक्रारीची सुरुवात तेथून धरावी.

"म्हणजे सर," मॅडम म्हणाल्या, "पळी तुमच्या मिसेसनीच वाजवली म्हणायची."

हे तपशील म्हणून खरे आहे. परंतु तक्रार श्री. भरमू यांच्याविरुद्ध आहे.

परवा रविवारी, दिनांक ९ रोजी, निपाणीतील साईराज नावाच्या फिटरकडे जाऊन डबा पक्का करून घ्यावा, असे शेजारच्या घरी ठरले. कल्याणीने मला सकाळी चहा देताना सांगितले, "बाळाबाई येतायत, मीही जाते, ऐकून सांगायला कोणीतरी लागेल. तुम्हीही चला ना." मी म्हणालो, मागे एक माणूस किंवा दोन पिशव्या बसतात, आणि मला बातमी द्यायची आहे. ती म्हणाली, "बरं." तिने डोक्याला निळा स्कार्फ बांधला होता. सदर स्कार्फ मी पूर्वी पाहिलेला नाही. गाडीत बसताना दार तिने स्वतः उघडले. हे मी मुद्दाम नमूद करतो.

ते गेल्यावर मला निपाणीत तंबाखूच्या बाजाराची बातमी करणे निकडीचे वाटले. मी बसने निपाणीला गेलो. सदर बातमी अद्याप छापून आलेली नाही. रविवारी बाजार बंद असतो हे मला माहीत होते का, असे मॅडमनी विचारले. होते.

स्टँडपासून पुढे चौकशी करत गेलो तेव्हा साईराजच्या दुकानासमोर पोपटी गाडी टप उघडून उभी होती. मी रस्त्याच्या या बाजूला उसाच्या रसाच्या गाड्याआड उभा राहिलो. उभे राहण्यासाठी रस घ्यावा लागला. एक संपला की दुसरा घेतला.

बाळाबाई मागे डब्याला टेकून झोपल्या होत्या. कल्याणी पुढे बसली होती. साईराज डब्याचे स्क्रू आवळत होता. कल्याणीने स्वतःचा मोबाइल गाडीला जोडला. मला वाटले, गाणे लागेल. गाणे लागले नाही. तंबोरा लागला. नुसता तंबोरा. खर्जाची तार वाजली की रस्त्याच्या अलीकडे माझ्या हातातल्या रसावर बारीक वलये उठत होती. दुकानापुढे थांबलेली दोन-तीन माणसे बोलायची थांबली.

थोड्या वेळाने त्या सुरात आणखी एक सूर मिळाला. तो गाडीच्या डब्यातला नव्हता. कोणीतरी खालचा सा लावला होता आणि तो तसाच धरून ठेवला होता. तो आवाज ओळखायला मला वेळ लागला.

विचारल्यावरून सांगतो की, लग्नाला बावीस वर्षे झाली आहेत.

आवाज थांबला तेव्हा श्री. भरमू दारावर हात ठेवून वाकले व तिला काही म्हणाले. मधून बस गेल्याने ते ऐकू आले नाही. कल्याणी हसली आणि काही बोलली. त्यातला एकच शब्द माझ्यापर्यंत आला. तो "ब्येस" असा होता. कंग्राळी, उचगावकडे बेस या शब्दाचा उच्चार असा करतात, आणि अर्थ छान, उत्तम असा होतो. इंग्रजी बेस आणि आपला बेस यांचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. तरी त्या ठिकाणी दोन्ही अर्थ लागू पडत होते. माझ्या एकाही बातमीला, आणि मी स्वतः निवडून आणलेल्या एकाही साडीला, कल्याणीने बेस म्हटलेले नाही. शेजारच्या माणसाच्या गाडीला तिने भर रस्त्यात, हसून, त्याच्या गावच्या उच्चारात म्हटले. मी रसाचा ग्लास परत दिला व बसने परत आलो. घरी मी त्यांच्या आधी पोचलो. ती आल्यावर निपाणीत काय झाले असे मी विचारले. "डबा बसला," ती म्हणाली.

काल सकाळी संध्येच्या वेळी पळी पुन्हा वाजली. म्हणून मी ठाण्यात अर्ज दिला.

आज मॅडमनी श्री. भरमू यांनाही बोलावून घेतले होते. माझा जबाब चालू असताना ते आले व बाकावर बसले. मॅडमनी त्यांना अर्जाचा मजकूर थोडक्यात सांगितला. ते उठून माझ्याकडे आले.

"पळी वाजतीया? सर, मला सांगायचं न्हाय व्हय? भिंतीवरनं एक हाक मारायची. पंचपात्राखाली फडकं घाला, आनि आजपासनं मी सकाळचं लावतच न्हाय. आईच्या पाठीसाठी लावतोय, ते संध्याकाळी लावतो. झालं?"

"झालं की सर," मॅडम म्हणाल्या. "मिटलं. लिहू का, समझोता?"

मी म्हणालो, मिटले नाही. रविवारी निपाणीत माझी पत्नी यांना "ब्येस" म्हणाली, ते कशाबद्दल, हे यांनी सांगावे. मॅडमनी पेन खाली ठेवले. श्री. भरमू माझ्याकडे बघत राहिले.

"तुमी निपानीला आलतासा?"

"बातमीसाठी."

"मग गाडीपाशी यायचं न्हाय? सगळी संगं आलो असतो की. एस्टीनं कशाला आलासा परत?" मग त्यांनी आठवून सांगितले. "ब्येस न्हाय सर. ब्येस कोन म्हनलं? मी म्हनलो, चला वैनी, डबा बसला, घरला जाऊया, सर वाट बगत असतील. तवा त्या हसल्या आनि कानडीत बोलल्या. मन्याग ब्यासरागतद, इन्नोंद सुत्त होगूण. असं म्हनल्या. म्हनून मारली एक फेरी, घरच्या उलट्या वाटंनं लांबपतोर. आई जागी झाली, तिला भ्या वाटाय लागलं, मग फिरलो."

माझे कानडी बाजारापुरते आहे, परंतु एवढे कानडी बेळगावात कोणालाही कळते. तरी मॅडमनी, जबाब मराठीत असल्याने, अर्थ सांगितला. "घरात जीव रमत नाही. अजून एक फेरी मारू." ज्याला मी ब्येस समजलो ते ब्यासर, म्हणजे कंटाळा, उदासी. "आम्ही आजाऱ्यालाही विचारतो, ब्यासर आग्यद एन, उदास वाटतंय का, म्हणून," असे त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "साधा शब्द आहे सर. कोणी पण बोलतं."

मी श्री. भरमू यांना विचारले की, असे ती आधी कधी म्हणाली होती का.

"म्हनत्यात की कवातरी. आईसंगं बोलताना." त्यांचा आवाज खाली आला. "मला वाटलं, तुमास्नी ठावं हाय."

श्री. भरमू यांनी मला पाणी आणून दिले. ते मी प्यायलो. त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार राहिलेली नाही. त्यांनी सकाळी आवाज लावला तरी चालेल. बाळाबाईंच्या पाठीला बरे वाटत असेल तर कधीही लावावा.

हा भाग लिहू की गाळू, असे मॅडमनी विचारले. मी आधी गाळा म्हणालो. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट मी कधी गाळली नाही, हे लक्षात आल्यावर लिहा म्हणालो.

एक खुलासा करतो. कल्याणीला बोट कापले, ताप चढला, किंवा धारवाडहून तिच्या आईचा फोन येऊन गेला की तिच्या तोंडी कानडी येते. पोळले तर "अय्यो, सुडतु" असेच म्हणते. लग्न झाले तेव्हा ती माझ्याशीही अर्धे कानडी बोलत असे, आणि मी ते दुरुस्त करत असे. आता ती माझ्याशी स्वच्छ मराठी बोलते. तिची विभक्ती चुकत नाही. लोक कौतुक करतात. ते मी आजवर माझ्या नावावर घेत आलो.

पत्नीला ठाण्यात बोलावू का, असे मॅडमनी विचारले. नको. तिला या अर्जाबद्दल माहीत नाही. आज ती घरी आहे. मी निघालो तेव्हा शेंगा सोलत होती. कुठे जाता, असे तिने विचारले. मी म्हणालो, कामाला. ती "बरं" म्हणाली आणि पुढची शेंग घेतली.

वरील मजकूर सौम्या मॅडम यांनी मला पहिल्यापासून वाचून दाखवला व मीही तो नजरेखालून घातला. दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकले आहेत, ते तसेच राहू द्यावेत. बाकी माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. सही करण्याआधी त्यांनी विचारले, "मग सर, तक्रार नक्की काय लिहू?" तक्रार नाही. पळीचा अर्ज मागे घेतो. पण विचारलेच आहे तर लिहा, की मला भीती वाटते. कल्याणी कोणाच्या गाडीतून निघून जाईल याची नाही. ती रोज घरी येईल, मी विचारले तर बरं आहे म्हणेल, आणि तिला काय होते ते मला कधीच सांगणार नाही, याची.